शेताची राखण, पहिले शील आणि आपला हक्क



भाताची लोंबी पिवळी पडू लागली की ठाणे जिल्ह्यातील लहान शेतकऱ्याची झोप उडते. मुरबाड व शहापूरकडे डोंगरालगतची शेते रानडुकरे एका रात्रीत उकरून टाकतात. कल्याण, अंबरनाथ, भिवंडीकडील खाचरांत उंदीर बांध पोखरतात आणि तयार लोंब्या तोडून बिळात नेतात. ज्या घराची वर्षाची बेगमी एक-दोन एकरांवर अवलंबून असते, त्या घराला हे नुकसान म्हणजे सावकाराच्या दाराची वाट होय.

धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांपुढे या संकटाबरोबर आणखी एक प्रश्न उभा राहतो. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील आपण ग्रहण केले आहे. प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा बावीस प्रतिज्ञांतही आहे. मग उंदरांना विष घालावे काय? डुकराचा बंदोबस्त करावा काय? हा प्रश्न कित्येक घरांतून विचारला जातो व कोणी तो हसण्यावारी नेतात. तसे करणे बरोबर नाही. ज्याला आपल्या आचरणाचा विचार पडतो, त्यानेच धम्म खरा मनावर घेतला आहे.

या प्रश्नाचे उत्तर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात देऊन ठेवले आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बुद्धाने भेद केला, असे त्यांनी तेथे प्रतिपादिले आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, तो आंधळा नियम नव्हे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करावयास लावते. सम्राट अशोकानेही पाचव्या स्तंभलेखात निष्कारण किंवा जीवहत्येसाठी रान जाळू नये, अशी आज्ञा केली होती. आपल्यालाही प्रत्येक वेळी हेच विचारावयाचे आहे: हे करण्याची खरोखर गरज आहे काय, आणि त्याहून सौम्य उपाय उरला आहे काय?

या कसोटीवर प्रथम उंदरांचा विचार करू. उंदीर केवळ धान्य खात नाही. त्याच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जीवघेणा ताप येतो. २००५ च्या जुलैतील महापुरानंतर मुंबईत या तापाने कित्येकांचे बळी घेतले. चिखलात अनवाणी लावणी करणाऱ्या आपल्या माता-भगिनींना त्याचा धोका सर्वांत अधिक. तेव्हा उंदरांचा बंदोबस्त ही गरज आहे, याविषयी शंका नको.

परंतु गरज म्हणजे क्रौर्याची मोकळीक नव्हे. उंदीर जिवंत जाळणे अथवा चिकट पट्टीवर दोन दोन दिवस तडफडत ठेवणे, यात गरज कोठे आहे? बांध अरुंद व स्वच्छ ठेवावेत. सायंकाळी सर्व बिळे मातीने बुजवावीत. सकाळी जी उघडलेली दिसतील, तीच वापरातील समजावीत व तेवढ्यांचाच बंदोबस्त करावा. झिंक फॉस्फाईडचा उपयोग शेवटचा उपाय म्हणून आणि कृषी खात्याच्या सल्ल्यानेच करावा, कारण त्या विषावर उतारा नाही. ते हाताने कालवू नये, मुलांच्या हाती लागू देऊ नये, मेलेले उंदीर खोल पुरून टाकावेत. धामण आणि घुबड हे उंदरांचे नैसर्गिक शत्रू होत. घुबड अशुभ असते ही समजूत आपण ज्या रूढींसह मागे टाकली, त्यांतलीच एक आहे. या दोहोंना मारणे हा गुन्हाही आहे आणि आपल्याच पिकाचे नुकसानही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. एकट्याच्या शेतातील उंदीर मारून काही साधत नाही. आठ दिवसांत शेजारच्या शेतातील उंदीर तेथे येतात. ही मोहीम साऱ्या शिवाराने एकाच वेळी करावी लागते. जे गाव पाणवठ्यावर व स्मशानात भेद करीत आले, त्यालाही येथे सर्वांच्या सहकार्याची जरुरी पडते. यास्तव ग्रामसभेत हा विषय आपणच मांडावा. या जिल्ह्यातील कातकरी बांधवांना उंदरांच्या बिळांचे जे ज्ञान आहे, ते कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. त्यांना या कामावर बोलवावे, पण योग्य मजुरी देऊन. आपण ज्या वेठीविरुद्ध लढलो, ती दुसऱ्यावर लादण्याचे पाप आपल्या हातून होता कामा नये.

रानडुकराची गोष्ट निराळी आहे. तेथे दयेबरोबर कायदाही उभा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये रानडुक्कर हा संरक्षित प्राणी असून २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्यास विष घालणे, फासा लावणे, सापळ्यात धरणे, हे सर्व 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत येते. कलम ११ प्रमाणे स्वतःचा अथवा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी सद्हेतूने प्राणी मारला गेल्यास गुन्हा होत नाही. केवळ पीक वाचविण्यासाठी मारावयाचे असेल, तर मात्र मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. असा मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता होतो. त्याचे मांस वाटून घेणे हाही अपराधच. परवान्यावाचून गावातील धनिकाने डुक्कर मारले, तर तो वकील उभा करील. तेच आपल्या वस्तीतील तरुणाने केले, तर त्याच्या नशिबी कोठडी येते. हे अन्यायाचे आहे, पण माहीत असलेले बरे.

कुंपणाच्या तारेत विजेचा प्रवाह सोडणे आणि पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब घालून ठेवणे, या दोन गोष्टींपासून तर सर्वस्वी दूर राहा. अंधारात तारेला डुक्कर लागेल की शेजाऱ्याचे मूल, हे वीज पाहत नाही. माणूस दगावला तर आता भारतीय न्याय संहितेखाली सदोष मनुष्यवधाचा अथवा निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याचा खटला होतो. सौर कुंपणाची गोष्ट वेगळी. योग्य रीतीने बसविल्यास त्याचा झटका क्षणभराचा असतो व प्राणी परत फिरतो. मळ्यावरची राखण हा जुना उपाय आजही चांगला आहे, परंतु ती पाळीपाळीने सर्व शेतकऱ्यांनी करावी.

आता हक्काचे बोलू. रानडुक्कर, हरीण, माकड, वानर इत्यादी वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई महाराष्ट्र शासन देते. यासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. उंदरांच्या नुकसानीस ही भरपाई नाही. नुकसान दिसताच, तीन दिवसांच्या आत, जवळच्या वन अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा. शेताची छायाचित्रे घ्या, पंचनामा होईपर्यंत शेत तसेच ठेवा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.

पण भरपाई मिळण्यासाठी नाव उताऱ्यावर असावे लागते, आणि आपले लोक येथेच अडतात. कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली व वतनाच्या जमिनी वतनदारांना पुन्हा देण्यात आल्या. तथापि कित्येक घरांत आजही सात-बारावर आजोबांचेच नाव आहे. वारसनोंद झालेली नाही. कल्याणच्या न्यायालयात वकिली करताना असे उतारे मी नेहमी पाहतो. पीक खाल्ले डुकराने, आणि भरपाई नाकारली कागदाने, असा हा प्रकार आहे. तलाठी, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे वारसनोंदीचा अर्ज करा. त्यात विधवा आणि मुलींची नावे गाळू नका. हिंदू उत्तराधिकार अधिनियम बौद्धांसही लागू आहे. दर हंगामात ई-पीक पाहणीत आपले पीक नोंदवा. नोंद नसेल, तर शेतात पीक होते हे सिद्ध करणे कठीण जाते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. परवान्याने डुक्कर मारले गेले किंवा शेतात जनावर मरून पडले, आणि ते ओढण्यासाठी कोणी आपल्या वस्तीकडे बोट दाखविले, तर स्पष्ट नकार द्या. मृत जनावरे ओढण्याचे काम आपल्या वडीलधाऱ्यांनी बहिष्कार सोसून सोडले आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीस मेलेले जनावर वाहून नेण्यास अथवा त्याची विल्हेवाट लावण्यास लावणे, हा अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ३ खाली गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीने तो त्यात घातला गेला. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना १९९० पासून अनुसूचित जातींत गणले जाते, म्हणून धर्मांतरामुळे हे संरक्षण गेले, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नका.

पिकाचे रक्षण करणे हे आपल्या शीलाच्या आड येत नाही. आपल्या घामाचे अन्न उंदरांना व डुकरांना खाऊ देणे यात करुणा नाही, आणि सूड म्हणून प्राण्याला हालहाल करून मारणे यात पुरुषार्थ नाही. येत्या ग्रामसभेपूर्वी आपापला उतारा काढून पाहा, वस्तीतील सर्वांनी एकत्र बसा आणि हंगामापूर्वी शिवाराची मोहीम ठरवा.