व्यायामाला मुंबई दाखवा

मुंबईकराचा व्यायाम आळसापेक्षा कंटाळ्यानं जास्त बुडतो. जानेवारीत जिमची वर्षाची फी भरायची, महिनाभर भिंतीकडे बघत ट्रेडमिलवर चालायचं आणि होळीच्या आधीच ते सोडून द्यायचं, हे घरोघरी चालतं. म्हणून सांगणं एवढंच, की आठवड्यातून एकदा तरी बघण्या-शिकण्यासारखं काही असेल अशा जागी घाम गाळा. पुढे काय आहे याची उत्सुकता असली की पावलं मोजावी लागत नाहीत.

सुरुवात समुद्रापासून करा. चौपाटीवर आपण संध्याकाळी जातो, भेळ खातो आणि परततो. एकदा ओहोटीला जा. कार्टर रोड, जुहू, गिरगाव इथल्या खडकांमधलं पाणी ओसरलं की डबक्यांत खेकडे, शंख, फुलांसारखे दिसणारे समुद्री जीव आणि नशीब असेल तर ऑक्टोपसही दिसतो. तोल सांभाळत, वाकत-उठत तासभर हिंडलात की मांड्या आणि पोटऱ्या चांगल्याच बोलतात.

वेळ मात्र समुद्र ठरवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईत सकाळी सहाच्या सुमारास ओहोटी असते. पुढे ही वेळ रोज साधारण पाऊण तासानं सरकते. त्यामुळे या तिथींनंतरच्या दोन-तीन दिवसांत रविवार आला, तर तो पकडा. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा किंवा जवळच्या कोळीवाड्यात विचारा. ओहोटी पूर्ण व्हायच्या आधी उतरा आणि पाणी वळलं की परत फिरा. चप्पल नको, पकड असलेले बूट घाला. उचललेला दगड होता तसाच ठेवा. शंकूच्या आकाराच्या शंखांना हात लावू नका, त्यातले काही विषारी डंख मारतात. पावसाळ्यात खडकांवर जाऊच नका. एकटं जायची भीती वाटत असेल, तर २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमानं अशा किनारफेऱ्या घडवल्या आहेत, त्यांची चौकशी करा.

ज्यांना चढण हवी, त्यांनी बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान गाठावं. फाटकापासून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत. बसमध्ये न बसता चालत किंवा सायकलनं जा. वर शंभराहून अधिक लेणी आहेत. मुख्य चैत्यगृह बघून बहुतेक जण परततात, तुम्ही कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी आणखी वर जा. लेण्यांजवळच्या पाण्याच्या टाक्या आणि त्यांच्याकडे पाणी वळवणाऱ्या पन्हळी शोधा. सोमवारी जाऊ नका, बंद असतं. बिबट्यांचं जंगल आहे, तेव्हा रस्ता सोडू नका आणि अंधाराआधी बाहेर पडा.

अंगाला ताकद आणि लवचीकपणा दोन्ही हवी असतील, तर मल्लखांब आहेच. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरासारख्या जुन्या संस्था तो शिकवतात. पुरलेला, टांगता आणि दोरीचा असे त्याचे प्रकार आहेत. ‘हे मुलांचं काम’ असं म्हणून मागे सरू नका. नवख्याची सुरुवात अंग मोकळं करण्यापासूनच होते. जवळच्या व्यायामशाळेत जाऊन मोठ्यांसाठी वर्ग आहे का, एवढं तरी विचारा. प्रशिक्षकाशिवाय लाकडाला हात लावू नका.

गुडघे कुरकुरणाऱ्यांसाठी धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. मिठी नदीकाठी जिथे एके काळी शहराचा कचरा पडायचा, तिथे आज दाट झाडी आहे. सावलीतल्या सपाट वाटेवर हळूहळू चाला, दर खेपेला पाच झाडं नावानिशी ओळखायला शिका. आजी-आजोबा आणि नातवंडं बरोबर असतील तर उत्तमच.

हृदयविकार, रक्तदाब किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. यादीतलं सगळं करायला धावू नका. आपल्या लाइनवरची, घरापासून तासाभराच्या आतली एकच जागा निवडा आणि बरोबर कोणाला तरी घ्या. गजर आपण झोपेतच बंद करतो. स्टेशनवर कोणी वाट बघत उभं असेल, तर उठावंच लागतं. म्हणून आजच एक फोन करा आणि येत्या रविवारची वेळ ठरवा.