लेखणी आणि गल्ला एकाच हाती

रोग्याला तपासणाऱ्या डॉक्टरने औषधही आपल्याच कपाटातून काढून दिले तर बिघडले कुठे, असा प्रश्न अमेरिकेहून सुट्टीवर आलेल्या एका डॉक्टर मित्राने आम्हांला केला. तिकडे कामावर जायबंदी झालेल्या मजुरांना अनेक डॉक्टर स्वतःच औषधे विकतात. दाखल्यासाठी त्यांनी आपल्या गावचा जुना दवाखाना पुढे केला: कंपाउंडर, गुलाबी मिक्श्चर, बाटलीला डकवलेली डोसांची कागदी पट्टी. त्या दवाखान्याविषयी आम्हीही कृतज्ञ आहोत. पण ही तुलना आम्हांला मान्य नाही.

आपल्याकडे पैसे रोगीच मोजतो. डॉक्टरने दोन रुपये अधिक घेतले तर ते त्याला बोचतात. शिवाय आपले १९४५ चे औषध नियम डॉक्टरला स्वतःच्या रोग्यांना औषध देऊ देतात, दुकान थाटू देत नाहीत. अमेरिकेत मजुराच्या उपचाराचा भार मालकाच्या विम्यावर पडतो, आणि तो तेथेच पडावयास हवा. मात्र मजुराच्या हाती बाटली येते, बिल येत नाही. या आडोशाला धंदा फोफावला. मधले व्यापारी घाऊक गोळ्या लहान बाटल्यांत भरीत, त्यांवर नवा क्रमांक आणि नवी किंमत चढवीत. तीच गोळी दुकानातल्यापेक्षा कित्येक पट महाग होई. कॅलिफोर्नियाने २००७ साली ही फट बुजवली. पुढे काय झाले? स्नायूंचा ताठा उतरविणारी सायक्लोबेन्झाप्रिन पाच व दहा मिलिग्रॅममध्ये सर्रास मिळत असता, दवाखान्यांतून साडेसात मिलिग्रॅमची गोळी दिली जाऊ लागली, पुन्हा कित्येक पट दराने. साडेसात मिलिग्रॅमचे दुखणे कोणते, हे आम्हांला तरी ठाऊक नाही!

विमा कंपन्यांच्या तिजोरीसाठी आम्ही अश्रू ढाळणार नाही. आमची चिंता त्या मजुराच्या देहाची आहे. फ्लोरिडाने २०११ साली डॉक्टरांना अफूच्या जातीची तीव्र वेदनाशामके स्वतः विकण्यास बंदी केली. रोगी आता तीच औषधे दुकानांतून घेतील, असा अंदाज होता. मॅसॅच्युसेट्समधील एका कामगार-भरपाई संशोधन संस्थेने तपासले, तेव्हा तसे घडलेले आढळले नाही. आयबुप्रोफेनसारख्या सौम्य औषधांचा वापर मात्र वाढला. मग आधीच्या त्या गोळ्या कोणाचे दुखणे शमवीत होत्या?

दुखऱ्या पायाने माणसाने दुकान कुठे शोधावे, हा मित्राचा मुद्दा खरा आहे. न्यूयॉर्कने त्याचे उत्तर शोधले आहे: तेथे डॉक्टरला सामान्यतः ७२ तासांपुरतेच औषध देता येते. लिहिणारा आणि विकणारा वेगळा असावा, हे सिसिलीवर राज्य करणाऱ्या सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने तेराव्या शतकातच कायद्याने ठरविले होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्सेन्स' या परिपत्रात, विशेषतः कामावरील अपघातांत, कामगाराला उपचार सहज आणि स्वस्त, शक्य तर विनामूल्य मिळावेत असे म्हटले, तेव्हा त्यांना ही साडेसात मिलिग्रॅमची गोळी खचितच अभिप्रेत नव्हती.

आमच्या मित्राने पहिल्या तीन दिवसांच्या गोळ्या खुशाल द्याव्यात. त्यापुढे चिठ्ठी लिहावी, आणि ती घेऊन कोणत्या दुकानात जायचे हे त्या मजुराला ठरवू द्यावे.