संसाराचा हिशेब : नाताळ करून निघावे काय?



कडोलीच्या एका वाचकांचे पत्र समोर आहे. गावात त्यांचा लाकडी फर्निचरचा लहानसा कारखाना आहे. शारजात एका परिचितासह त्याच धंद्यात भागीने उतरण्याचे त्यांनी ठरविले असून गावचा कारखाना धाकट्या भावाच्या हाती द्यावयाचा आहे. ते लिहितात, "नाताळ घरी करून जानेवारीत निघेन. तिकडे कर नाही आणि इकडे मी नसणार. तेव्हा कराचा प्रश्न मिटला असे समजू ना?"

तसे समजू नये. हा समज त्यांच्या एकट्याचा नाही, म्हणून उत्तर येथेच देतो.

आयकर ठरतो तो मुख्यत्वे दोन गोष्टींवरून : माणूस आर्थिक वर्षात किती दिवस भारतात राहिला आणि उत्पन्न कोठे उगम पावले. 1961 चा आयकर कायदा जाऊन 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा कायदा आला, तरी वास्तव्याचे हे मूळ नियम कायम राहिले आहेत. रोजगारासाठी परदेशी जाणारा भारतीय त्या वर्षी 182 दिवस वा अधिक येथे राहिला, तर तो निवासी ठरतो. 1 एप्रिलपासून मोजावयास लागलो, तर 29 सप्टेंबर हा 182 वा दिवस. म्हणजे जानेवारीत निघणारा त्या संपूर्ण वर्षी निवासीच राहणार, आणि जानेवारी ते मार्च ह्या तीन महिन्यांत शारजात जे मिळेल तेही येथील विवरणपत्रात दाखवावे लागणार.

मग नाताळ सोडून सप्टेंबरातच निघावे काय? माझे मत विचाराल तर मुळीच नाही. नव्या धंद्याच्या पहिल्या तीन महिन्यांत नफा तो किती होणार? एवढ्यासाठी मुलाबाळांचा सण कोण मोडील! मात्र ज्यांचा तिकडे पहिल्या दिवसापासून मोठा पगार ठरला आहे, त्यांनी हा हिशेब अवश्य करावा.

येथे एक शंका निघते. रोजगार म्हणजे केवळ नोकरी काय? केरळ उच्च न्यायालयाने एका प्रकरणी असा निर्णय दिला आहे की त्यात स्वतःचा व्यवसायही येतो. तथापि शारजाचा परवाना, व्हिसा, भागीचा करार हे कागद जपून ठेवावेत. पुढील वर्षांत भेटीस आल्यावरही 182 दिवसांच्या आत परतावे. भारतातील उत्पन्न 15 लाखांवर गेले, तर नियम कडक होतात आणि ही मुभा 120 दिवसांवर येते.

आता "तिकडे कर नाही" ह्याविषयी. व्यक्तीच्या पगारावर तेथे आयकर नाही हे खरे. परंतु 2018 पासून संयुक्त अरब अमिरातीत विक्रीवर 5 टक्के व्हॅट आहे, आणि जून 2023 पासून सुरू होणाऱ्या हिशेबवर्षांना धंद्याच्या 3,75,000 दिरहमांवरील नफ्यावर 9 टक्के कर लागू झाला. शेजारच्या ओमानने तर 2028 पासून मोठ्या वैयक्तिक उत्पन्नावरही 5 टक्के कर जाहीर केला आहे. आखाताची जुनी ख्याती ऐकून हिशेबाच्या वह्या घरी ठेवून जाऊ नये.

खरा गुंता आहे तो कडोलीत. कारखाना मालकाच्याच नावे राहिला आणि भावाने नुसता सांभाळला, तर नफा मालकाचा. तो भारतात उगम पावलेला, म्हणून येथील कर चुकत नाही. नोटीस आली तर तीही मालकाच्याच नावे. ह्यापेक्षा कारखाना भावाच्या नावे करून द्यावा, हे मला अधिक बरे वाटते. भावाने जीएसटीची स्वतंत्र नोंदणी घ्यावी, साठ्यावरील इनपुट क्रेडिट रीतसर त्याच्याकडे वळवावे आणि जुनी नोंदणी रद्द करावी. रद्द झाल्यावर शेवटचे विवरणपत्र तीन महिन्यांत भरावे लागते. मागील थकबाकी असेल, तर तिला दोघेही भाऊ जबाबदार राहतात.

"आपली उलाढाल लहान, नोंदणी कशाला?" असे भाऊ म्हणेल. पण त्यांची कपाटे चंदगडास व गोव्यास जातात. मालाच्या विक्रीस 40 लाखांपर्यंत सूट असली, तरी राज्याबाहेर माल विकणाऱ्यास सामान्यतः ती मिळत नाही. आमच्या वडीलधाऱ्यांस 19 डिसेंबर 1961 पर्यंत गोव्यास जाताना पोर्तुगीजांचा जकातनाका ओलांडावा लागे. आज नाका दिसत नाही, परंतु कराची रेषा आहे.

इमारतीचे भाडे भावाकडून घेणार असाल तर सावध! अनिवासी मालकास भाडे देणाऱ्याने, रक्कम कितीही लहान असो, त्यातून सुमारे 31 टक्के कर कापून सरकारात भरावयाचा असतो. सख्खा भाऊ असला तरी सुटका नाही. एकूण उत्पन्न थोडे असेल, तर कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधीच मागावा.

बँकेतील बचत खाते आहे तसे ठेवण्याची चूक पुष्कळजण करतात. गेल्यावर ते एनआरओ करावे लागते व त्याच्या व्याजातूनही तितकीच कपात होते. मात्र भारत व अमिरातीत दुहेरी कर टाळण्याचा करार 1993 पासून अमलात आहे. वर्षात 183 दिवस तेथे राहून तेथील कर-निवासाचा दाखला बँकेस दिला, तर व्याजावरील कर 12.5 टक्क्यांवर येतो. शारजाची कमाई पाठविण्यास एनआरई खाते वेगळे उघडावे. त्याच्या व्याजावर येथे कर नाही.

आईच्या नावच्या शेतीबद्दलही त्यांनी विचारले आहे. वारसाने आलेली शेती अनिवासीस ठेवता येते. नवी विकत घेता येत नाही.

आणि निघण्यापूर्वी आयकर, जीएसटी व बँक ह्या तिन्ही ठिकाणी कोणता मोबाईल क्रमांक नोंदलेला आहे, तो तेवढा पाहावा. सांकेतिक अंक त्याच क्रमांकावर येतात. ते सिमकार्ड शारजात बंद पडले, तर कडोलीत बसून भावास कागद पुढे सरकविता येणार नाही.