नाव सांगायचे धैर्य
परवा मुलीने आग्रहाने ‘द हेट यू गिव्ह’ हा २०१८ चा अमेरिकन चित्रपट दाखविला. अँजी थॉमस यांच्या कादंबरीवरचा. सोळा वर्षांची कृष्णवर्णीय स्टार गोऱ्यांच्या शाळेत वस्तीची बोली झाकून वावरते. पोलिसाच्या गोळीने बालमित्र खलील तिच्या डोळ्यांदेखत मरतो. शेवटी ती साक्षीला उभी राहते. बापाने तिला लहानपणीच ब्लॅक पँथरचा दहा कलमी कार्यक्रम शिकविलेला! त्याच पँथरपासून स्फूर्ती घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली.

चित्रपट संपल्यावर मुलगी हळूच म्हणाली, “पप्पा, कॉलेजात मी आडनाव सांगायचे टाळते.” मी गप्प झालो. ऑफिसात मीही कित्येक वर्षे तेच केले होते.

मातापित्यांनो, घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. पण बाहेर नाव सांगायचे धैर्य आपण मुलांना दिले काय?

जयभीम!