काठावरून उतरायचं की बोटीतून?



सुट्टी लागली की आपल्या मावळातली कितीतरी कुटुंबं घाट उतरून कोकणात जातात. पूर्वी मुलं परत आल्यावर सांगायची, "बाई, सिंधुदुर्ग पाहिला, सुरमई खाल्ली." आता सांगतात, "बाई, स्कूबा केलं!" म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायचं आणि मासे, प्रवाळ पाहून यायचं.

पाचवीतल्या एका मुलीचा मामा अमेरिकेत असतो. तो कॅरिबियन समुद्रात जहाजाच्या सहलीला निघालाय. जहाज बेटाला लागलं की काही तासच थांबतं. तेवढ्या वेळात डाइव्ह करायची, तर किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरावं की छोट्या बोटीने आत जावं? मामाचा हा प्रश्न फोनवरून लोणावळ्यात पोहोचला आणि घरात वादच सुरू झाला, कारण ही मंडळीही मालवणला जाणार होती. आजीने मात्र लगेच निकाल दिला, "काठ बरा. पाय तरी टेकतात!"

आजीची काळजी खरी आहे, पण निकाल मला मान्य नाही. काठाची ओळख आपल्याला काही कमी नाही. 30 जून 2024 रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती खोल पाण्यात पोहत नव्हती. उभी होती, पाय टेकलेले होते. पाण्याचा लोंढा वाढला आणि बाहेर पडायला वाटच उरली नाही. पवना धरणाच्या पाण्याचंही तसंच. काठाला घोट्याएवढं पाणी, आणि दोन पावलं पुढे उतार नि पायाखाली गाळ. पाण्यात कसं शिरायचं हे सगळेच विचारतात. बाहेर कुठून आणि कसं येणार, हे तुम्ही आधी विचारा.

हाच प्रश्न घेऊन आता समुद्रावर जाऊ या.

काठावरून डाइव्ह करायची तर सगळं सामान अंगावर चढवून वाळूतून चालावं लागतं. टाकी, वजनाचा पट्टा, सगळं मिळून वीसेक किलो सहज भरतं. पाण्यात हे ओझं जाणवत नाही, वाळूवर चांगलंच जाणवतं! लाटा फुटतात त्या पट्ट्यातून पुढे जायचं, तेही पावलं न उचलता, वाळूत पाय घासत. का, माहीत आहे? वाळूत पाकट मासा लपून बसलेला असू शकतो. त्याच्या शेपटीला विषारी काटा असतो. पाय घासत गेलं की तो आपणहून पळतो, पण चुकून त्याच्यावर पाय पडला तर काही खरं नाही. आणि परतताना हाच प्रवास उलटा, दमलेल्या पायांनी. तोवर भरती-ओहोटी बदललेली, लाटा वाढलेल्या. मघाशी उतरलो तिथूनच बाहेर येता येईल, असं नाही.

काही जागा मात्र यासाठी फार छान आहेत. कॅरिबियनमध्ये बोनेर नावाचं बेट आहे. तिथे किनाऱ्याच्या रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड असतात आणि त्यांवर डाइव्हच्या जागेचं नाव लिहिलेलं असतं. गाडी थांबवायची, टाकी चढवायची, उतरायचं. प्रवाळ किनाऱ्याला लागूनच! आपल्या अंदमानात स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, नेमो रीफ ही अशीच काठावरून जायची जागा. उलट मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाजवळ पाण्याला जोराचा प्रवाह आहे. तिथे लोक बोटीने जातात, पाण्याखाली प्रवाहाबरोबर वाहत राहतात आणि बोट मागून येऊन त्यांना उचलून घेते. तिथे काठावरून उतरलेला माणूस बाहेर कुठे निघेल, सांगा बरं! मामाचं जहाज कुठल्या बेटाला लागणार, यावर त्याचं उत्तर ठरेल.

आता आपलं मालवण. तारकर्लीजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते. नदीचा गाळ आणि लाटांनी ढवळलेली वाळू यांमुळे किनाऱ्यालगत पाणी गढूळ असतं. प्रवाळ वाढतात खडकांवर, आणि असे खडक आहेत आत, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास. 1987 मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. (म्हणून प्रवाळाला हात लावायचा नाही. तोडून घरी आणायचा तर मुळीच नाही.) मालवणात पाहुण्यांना बोटीने नेतात ते याचसाठी. आजीला पटो न पटो, इथे बोटच बरोबर.

बोटीत पायपीट वाचते. कडेला पाठमोरं बसून मागच्या मागे पाण्यात पडायचं, परत आल्यावर शिडी धरून वर चढायचं. एक माणूस वर राहून पाण्यावर लक्ष ठेवतो, निदान ठेवायला हवं. पण बोटीत बसलो म्हणजे सुटलो, असं समजू नका हं. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. पाण्याखालून वर आलं तरी किनारा गाठायचा बाकीच असतो. लाइफ जॅकेट उकडतं म्हणून काढून ठेवणारी बरीच मोठी माणसं मी पाहिली आहेत. तुम्ही काढू नका.

आणि मोजणी! जानेवारी 1998 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर डायव्हिंगची एक बोट दोघांना पाण्यातच ठेवून परतली. मोजणी चुकली होती. दोन दिवस ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. ती दोघं कधीच सापडली नाहीत. त्यानंतर तिथले मोजणीचे नियम कडक झाले. सहलीला एसटीत चढताना मी तुम्हाला तीनतीनदा मोजते आणि तुम्ही हसता. हसा खुशाल.

पालकांनो, "पोहता येत नसलं तरी चालतं" एवढ्या एका वाक्यावर मुलांना पाण्यात सोडू नका. पाडी ही जगभर डायव्हिंग शिकवणारी संस्था समुद्रातल्या डाइव्हसाठी किमान वय 10 वर्षं मानते. एका प्रशिक्षकाकडे किती मुलं, बोटीवर कोण थांबणार, लाटा वाढल्या तर काय करणार, हे पैसे देण्याआधी विचारा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं डायव्हिंग शिकवणारं केंद्र आहे, चौकशी तिथून सुरू करता येईल. मुलाला सर्दी असेल तर बेत रद्द. कान बंद असताना खाली गेलं की पडद्याला इजा होते.

पाण्याखालचा नियम दोन्हीकडे सारखाच. श्वास कधीही रोखायचा नाही! समुद्रात दर 10 मीटरला वातावरणाएवढा एक दाब वाढतो. म्हणजे 10 मीटरवर दाब दुप्पट. तिथे छातीत हवा भरून श्वास रोखला आणि वर आलात, तर ती हवा दुप्पट जागा मागते. छातीत तेवढी जागा कुठली?

आता खास आपल्यासाठी एक गोष्ट. टाकीत नुसता ऑक्सिजन नसतो, साधीच हवा दाबून भरलेली असते. तिच्यातला नायट्रोजन दाबाखाली रक्तात विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. सोड्याची बाटली झटकन उघडली की बुडबुडे येतात ना, तसं शरीरात व्हायला नको. म्हणून एका डाइव्हनंतर निदान 12 तास आणि अनेक डाइव्हनंतर 18 तास विमानात बसू नये असं सांगतात. ही सूचना साधारण 600 मीटरच्या वरच्या उंचीसाठी आहे. आपलं लोणावळा सहाशेच्या थोडं वरच! आंबोली त्याहून उंच. मुंबईहून आणलेला वेफर्सचा पुडा खंडाळ्याचा घाट चढल्यावर फुगतो, तो हवेचा दाब कमी झाल्यामुळेच. पाच-सहा मीटरच्या छोट्या डाइव्हला धोका फार थोडा. तरीही सकाळी डाइव्ह आणि दुपारी घाट, असा बेत नको. डाइव्ह पहिल्या दिवशी उरका, शेवटच्या दिवशी किल्ला पाहा.

जाता जाता एक गणित. समुद्राच्या वर 4 लिटर जागा व्यापणारा हवेचा फुगा 30 मीटर खोल नेला, तर किती लिटर जागा व्यापेल? घाईने तिसरा हिस्सा म्हणू नका, आपल्या डोक्यावरच्या हवेचाही दाब मोजा. उत्तर पुढच्या आठवड्यात.