लाल सालीच्या आत

आमच्या लहानपणी घरात सफरचंद दिसले की शेजारी विचारीत, "कोण आजारी आहे हो?" एखादे पिठूळ निघाले तरी आम्ही ते औषधासारखे मुकाट्याने गिळीत असू. सफरचंदाला नावे ठेवायची आमची काय प्राज्ञा!

ती अक्कल सिमल्यापलीकडे कोटगढला आली. 1916 साली सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थाने इथे 'रेड डिलिशस'ची रोपे लावली. भाद्रपदात तिथल्या एका बागेत मी शेंड्याचे लालबुंद फळ हेरले. बागवानाने ते आडवे चिरले. आत पाच कप्प्यांची चांदणी. "बिया मोजा, बाबूजी. दहा हव्यात." भरल्या सहाच.

फुलोऱ्याच्या दिवसांत पाऊस नि गारठा. मधमाश्या बाहेर पडल्या नाहीत. या जातीला स्वतःचा पराग चालत नाही, म्हणून मधूनमधून 'गोल्डन'ची झाडे लावतात. पण पराग नेणार कोण? बी नाही त्या अंगाला फळ खुरटते. माझे फळ खरेच तिरके होते!

एका फळाला तीस-चाळीस पानांची कमाई लागते. म्हणून हा गृहस्थ वैशाख-ज्येष्ठात कोवळी फळे खुडून टाकतो, आणि घरची माणसे हळहळतात. फार खुडली तरी पंचाईत: फळ फुगते, चुना पुरत नाही, सालीखाली कडवट तपकिरी डाग पडतात. पानांआड राहिलेले फळ हिरवट नि पांचट. रंग चढतो तो उन्हाने आणि थंड रात्रींनी. मात्र केवळ रंगासाठी निवडलेल्या काही जाती गोडी भरण्याआधीच लाल होतात. बाजार भाव देतो तो लालीला. मला हे अन्यायाचे वाटते.

हिवाळ्याचे दुखणे त्याहून मोठे. सात अंशांखालची सुमारे हजार तासांची थंडी मिळाली तर कळ्या एकदम फुटतात. नाहीतर रेंगाळत फुटतात, आणि एकाच फांदीवर एक फळ पिकलेले, दुसरे कच्चे. "आता बर्फ कमी पडतो," तो म्हणाला, आणि वरच्या डोंगराकडे पाहत राहिला. वर त्याची जमीन नव्हती.

परवा मंडईत मी पिवळसर रेघांचे एक फळ उचलले. फळवाला कळवळून म्हणाला, "ते कशाला, काका? हे घ्या, लाल बघा!"

मी पिवळसर रेघांचेच घेतले. घरी आडवे चिरले. नऊ बिया निघाल्या.