सही खरी, माल खोटा : मोफत सॉफ्टवेअरची गाठ कोण तपासणार?

भेस्तान (सुरत) : पांडेसरा-भेस्तान पट्ट्यात राहणाऱ्या धुळे, नंदुरबार, जळगावच्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. लूमवरचा ताका चांगला निघाला म्हणून व्यापाऱ्याकडे पोहोचलेली गाठ चांगलीच असेल, असं नसतं. मधे घडी घालणारा, गाठ बांधणारा, शिक्का मारणारा असतो. घोळ झाला तर तिथंही होतो.

ओपन सोर्स सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. त्याचा कोड सगळ्यांना पाहता येतो, म्हणून ते सुरक्षित, असं आपण धरून चालतो. पण आपण कोड उतरवत नाही, तयार गाठ उतरवतो. नवी आवृत्ती काढताना आधी बदल थांबवतात, चाचण्या घेतात, आवृत्तीला क्रमांक देतात, फाईल बांधतात, तिचा हॅश म्हणजे अंगठ्याचा ठसा काढतात, डिजिटल सही करतात आणि मग ती प्रसिद्ध करतात. बहुतेक ठिकाणी हे काम एक-दोन माणसं बिनपगारी करतात.

२०२४ मध्ये नेमकं इथंच बोट शिरलं. 'एक्सझेड' हे फाईल दाबून लहान करणारं साधन जगभरच्या लिनक्स यंत्रांत असतं. ते सांभाळणारा माणूस एकटा आणि थकलेला होता. 'जिया तान' नावाच्या खात्याने दोनेक वर्षं मदत करून विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. तो उघडणारा एक तुकडा प्रसिद्ध केलेल्या गाठीत होता, सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, म्हणून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने शोध घेतला आणि २९ मार्चला प्रकरण उघड झालं.

ध्यानात घ्या, त्या गाठीवरची सही खरीच होती. सही गाठ कुणी बांधली ते सांगते, आत काय आहे ते नाही. म्हणूनच डेबियनसारखे प्रकल्प त्याच कोडपासून दुसऱ्याने पुन्हा गाठ बांधावी आणि दोन्ही तंतोतंत जुळवून पाहाव्यात, यासाठी झटतात.

आपल्याकडचा प्रश्न याहून साधा आहे. २०२२ मध्ये व्हीएलसी प्लेअरची अधिकृत साइट भारतात फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत बंद होती. अस्सल दुकानाला कुलूप लागलं की गिऱ्हाईक फुटपाथवरून माल घेणारच! बंदी सुरक्षेसाठी असेल, तर तिने लोकांना जास्त धोक्याच्या वाटेला लावलं.

सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी ठेवण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, हे बरं झालं. यादीने चोरी टळत नाही, पण बिघडलेला माल कुठल्या यंत्रात गेलाय ते लगेच कळतं. मात्र ज्यांच्या फुकट मेहनतीवर बँका आणि सरकारी कचेऱ्या चालतात, त्यांना पैसा आणि जोडीदार कोण देणार, हा प्रश्न यादीने सुटत नाही.

तोवर आपल्या हातात एवढं आहे : पेनड्राइव्हवरून आलेलं सॉफ्टवेअर टाळा, मूळ साइटवरूनच घ्या. तिथं हॅश दिला असेल तर विंडोजमधल्या 'सर्टयुटिल'ने जुळवून पाहा. मिनिटभराचं काम आहे. कारखान्याच्या त्या एका कॉम्प्युटरमध्ये कामगारांचा पगार, आधार आणि बँकखाती असतात. ताका उलटसुलट करून पाहणाऱ्या आपल्या लोकांनी इथंच डोळे का मिटावेत?